परलोक दुपारी उघडतो

परलोक आमच्या घराच्या तळमजल्यावर उघडला, आणि त्या दिवसापासून आम्हाला स्वतःच्याच दारातून आत शिरणं मुश्कील झालं. पायरीवर रांग, कुंपणाला रांग, नळापाशी रांग. कडेवर पेंगणारी लेक घेऊन मी घरात जायला निघाले की मागून कोणीतरी ओरडायचं, ‘अहो बाई, मध्ये घुसू नका.’ माझंच घर, माझीच किल्ली, आणि मी मध्ये घुसणारी.

खालच्या खोलीत सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. गेल्या वर्षी ते गेले आणि स्टुडिओ बंद पडला. मधोमध त्यांचा मोठा लाकडी कॅमेरा तसाच उभा होता. ट्रंकेएवढा, पुढे पितळी भिंग, मागे दुधी काच, आणि दोन्हींच्या मध्ये पेटीचा असतो तसा घड्या-घड्यांचा भाता. त्या खोलीत थोडे दिवस राहू द्या म्हणून एक जांभळ्या झग्यातले गृहस्थ आले. सासूबाईंनी होकार दिला. आठवडा उलटायच्या आत त्या गृहस्थांचे उलटेमहाराज झाले.

व्यवस्था साधी होती. खोली काळोखी. मागच्या खिडकीवर जाड पडदा आणि त्या पडद्यातून कॅमेऱ्याचं तोंड बाहेर काढलेलं. पडद्यापलीकडे काय आहे, हे विचारायचं नाही. भक्ताने कॅमेऱ्यामागे उभं राहायचं, डोक्यावर काळं फडकं घ्यायचं आणि काचेत बघायचं. काचेत एक मंद, रंगीत, हलतं जग दिसायचं. झाडं वरून खाली लोंबत, माणसं छताला पाय लावून चालत, आभाळ खाली सांडलेलं, आणि कशाचाच आवाज नाही. आवाज नसायचं कारण म्हणजे महाराज सगळा वेळ मोठ्याने हुंकारत असायचे. मागच्या गल्लीत कोणी खोकलं तरी हुंकार चढायचा.

‘इथे ज्याचं डोकं वर, तिथे त्याचं डोकं खाली,’ महाराज समजावत. ‘इथे जो धावतो तो तिथे बसतो. इथे ज्याला कोणी विचारत नाही, त्याला तिथे खुर्ची. घाबरू नका, बाळांनो. आपली माणसं तिथे सुखात आहेत, फक्त जरा उलटी आहेत.’

ढग आले की परलोक बंद. बाहेर पाटी लागायची: आज तिथे दुखवटा. हेडमास्तरांनी विचारलं, मेलेल्यांत कसला दुखवटा? तर महाराज म्हणाले की इथे एखादं बाळ जन्माला आलं, म्हणजे तिथलं एक माणूस कमी झालं. हेडमास्तर निवृत्त होते, आयुष्यभर भूगोल शिकवलेला होता, तरी त्यांनी मान डोलावली. दिवस मावळला की परलोक आपोआप मिटायचा. तिथे आता सकाळ झाली, सगळे कामाला गेले, असं उत्तर मिळायचं. ज्या परलोकाला ऊन लागतं, त्याबद्दल कोणाला शंका येऊ नये, याचं मला रोज नव्याने नवल वाटायचं.

पण माणसं रडत बाहेर यायची, आणि रडणाऱ्याला शंका विचारता येत नाही. हेडमास्तरांना त्यांचा गेलेला कुत्रा दिसला. छतावरून तुरुतुरु चालत गेला, अगदी तस्साच एका बाजूला कलून. मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाई तर खुशीत होत्या. परलोकातही कोणीतरी त्यांच्यासारखाच पिवळा फुलाफुलांचा परकर वाळत घातला होता. आपली आवड तिथवर पोहोचली, असं त्या चारचौघांत सांगत सुटल्या.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला स्वयंपाकघराआधी डार्करूम दाखवली होती. याच कॅमेऱ्यावर मी शिकले. त्याच्या काचेवर जग उलटंच पडतं. सासरे म्हणायचे, उजेडाला वळता येत नाही गं, तो सरळ जातो. झाडाच्या शेंड्याकडून निघालेला उजेड भिंगातून सरळ खाली उतरतो, बुंध्याकडला सरळ वर चढतो. मग काचेवर शेंडा खाली, बुंधा वर. एवढंच.

मी हे सासूबाईंना सांगितलं. आई, ती आपल्या मागची गल्ली आहे, म्हटलं. त्यांनी शेंगा सोलता सोलता माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘तुझे सासरे दिसले मला,’ त्या म्हणाल्या. ‘दुपारी. भिंतीला टेकून उभे होते. अंगात तोच कोट.’

तो कोट म्हणजे सासऱ्यांचा डार्करूमचा तपकिरी चौकटीचा कोट, फिल्म धुण्याच्या औषधांचे डाग पडलेला. मागच्या दाराच्या खुंटीवर लटकलेला असतो. सासूबाईंनी तो ना धुतला, ना कोणाला दिला. आता त्यांच्याकडे पुरावाच होता. रोज दुपारी खुंटीवरून कोट नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने परत येतो. परत आला की त्याला सिगारेटचा ताजा वास असतो. ‘तिथे गेले तरी सुटली नाही ती सवय,’ हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला, की माझ्या तोंडातला उजेड तोंडातच राहिला. धूर खाली पडतो, एवढाच काय तो फरक, असं त्यांनी वर सांगितलं.

दुपारच्या त्या वेळेला मी नेमकी वर, फुगीला झोपवत असायचे. फुगी म्हणजे माझी लेक. गाल बघितले की नावाचं कारण कळतं. तिला त्या दिवसांत एकच खेळ सुचायचा. पाय फाकवायचे, ओणवं व्हायचं आणि पायांच्या मधून जग बघायचं. आजी म्हणायची, पाहुणा येणार. पाहुणा तर येऊन बसलाच होता, आणि दोन वेळा जेवत होता.

मग एका सकाळी महाराजांनी जाहीर केलं की रविवारी ते निघणार, आणि यंत्र बरोबर नेणार. इतरांच्या माणसांनीही दिसायला नको का? खुद्द तुमच्या यजमानांनीच काचेतून तशी खूण केली, असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई हो म्हणाल्या.

माझ्या हातातली ताटली निसटली. एरवी फुगी झोपते तेवढ्याच वेळात मी डार्करूममध्ये जाते. ट्रेमधल्या पाण्यात हात घालते, एखादा फोटो काढते, पुन्हा आई होऊन बाहेर येते. तो कॅमेरा गेला तर माझी ती एवढीशी दुपारही कायमची जाणार होती. मी काही बोलणार, एवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, ‘पण जायच्या आधी मला यांचा एक फोटो हवा.’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाचा घरात एकही फोटो नव्हता. ते नेहमी काळ्या फडक्याच्या आतच.

महाराज म्हणाले, परलोकाचा फोटो निघत नाही, फिल्म पांढरीफटक येते. सासूबाई म्हणाल्या, आली तर आली. ‘माझी सून काढेल. यांनीच शिकवलंय तिला.’ खोली सासूबाईंची, जेवणही सासूबाईंचं. महाराजांना हो म्हणावंच लागलं.

फ्रिजमध्ये लोण्यामागे सासऱ्यांचा फिल्मचा डबा अजून होता. पोस्टकार्डाहून मोठी एकेक फिल्म, ती मिट्ट काळोखात चपट्या चौकटीत सरकवायची. काळोखात उलटसुलट कळावं म्हणून कोपऱ्यात खाचा असतात, त्या बोटाने चाचपायच्या. मी डार्करूमचं दार लावून चाचपत होते आणि बाहेरून फुगी दारावर थापा मारत होती.

‘आई, काय खातेस?’

‘काही नाही गं राणी.’

‘मग दार का लावलं?’

आतून तिला गाणं म्हणून दाखवत, काळोखात डोळे मिटून (का मिटले, देव जाणे) मी ती फिल्म भरली.

दुपारी ऊन लख्ख होतं. महाराज बाहेर रांगेला पटवत होते की आज गर्दी करू नका, तिथे फोटोसाठी सगळे केस विंचरताहेत. सासूबाई पायरीवर डोळे मिटून बसल्या होत्या. आत मी, फुगी आणि कॅमेरा. खोलीत काळोख असल्यामुळे फडक्याशिवायही काच दिसत होती. गल्ली होती, झाड होतं, शिंपीणबाईंचा परकर होता. आणि भिंतीला टेकून, छताला पाय लावून, तपकिरी कोटातला एक माणूस उभा होता. धूर खाली पडत होता.

क्षणभर मलाही ते सासरेच वाटले. खरंच सांगते. तीच मान, तोच खांदा पाडून उभं राहणं.

फुगीने काचेकडे पाठ केली, ओणवी झाली आणि पायांमधून बघितलं.

‘पप्पा,’ ती म्हणाली. ‘पप्पा काय खातो?’

मी सासऱ्यांचं छोटं हातभिंग काचेला लावून वाकून पाहिलं. माझाच नवरा. औषधाच्या दुकानातून जेवायला घरी येणारा, फुगी झाली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून सिगारेट सोडलेला. दुकानातल्या शर्टाला वास लागू नये म्हणून बापाचा कोट चढवून, मागच्या गल्लीत, सासूबाईंच्या परलोकात झुरके मारत उभा होता. एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत.

हसू आलं आणि लगेच जिरलं. बाहेर पायरीवर एक बाई तिच्या माणसाच्या फोटोची वाट बघत बसली होती. मी तिला काय देणार होते? पण खोटा नवरा देण्यापेक्षा खरा मुलगा बरा, असं मनाशी म्हटलं. भिंगाचं तोंड बारीक केलं, म्हणजे अंधुक कोपरेही स्वच्छ येतात. भिंगावर झाकण लावलं, काचेच्या जागी फिल्मची चौकट सरकवली, तिची पट्टी ओढली, भिंगावरचं झाकण काढलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि झाकण परत लावलं. जुन्या भिंगाला तेवढंच लागतं.

फिल्म धुऊन, चित्र पक्कं करणाऱ्या हायपोतून काढून ओलीच बाहेर आणली तेव्हा अंगणात कल्लोळ झाला. निगेटिव्हच ती. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. फिल्म पांढरीफटक येणार म्हणणारे महाराज एका दमात पलटले. ‘बघा,’ ते गरजले, ‘आभाळ काळं, सावली गोरी, आणि कोट कसा तेजाने पेटलाय. हे तेजोवस्त्र.’ हेडमास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. शिंपीणबाईंनी हात जोडले. सासूबाई ती फिल्म उन्हाकडे धरून एकटक बघत राहिल्या, पण त्या काळ्याठिक्कर चेहऱ्यात त्यांना काही सापडेना.

‘याचा सुलटा नाही का होत?’ त्यांनी हळूच विचारलं.

‘होतो, आई. आत या.’

एवढ्या वर्षांच्या संसारात सासूबाई डार्करूममध्ये कधी आल्या नव्हत्या. हायपोच्या वासाने त्यांचं डोकं उठायचं. आज पदर नाकाला लावून त्या लाल दिव्याखाली उभ्या राहिल्या. वाळवलेली निगेटिव्ह कागदावर ठेवली, वर काच दाबली, क्षणभर पांढरा दिवा लावला आणि कोरा कागद ट्रेमध्ये सोडला. ट्रे हळूहळू हलवायला लागले. पाळणा हलवते तसाच. त्या कामाला माझा हात आता वेगळा राहिलेलाच नाही.

कागद कोराच होता. मग त्यावर एक करडी छटा आली. मग झाडाची फांदी. मग कोटाच्या चौकटी.

‘हे काय गं,’ सासूबाई कुजबुजल्या. ‘आपोआप?’

‘आपोआप नाही. उजेडाने मघाशीच काढून ठेवलंय. औषध फक्त दाखवतं.’

मी कागद चिमट्याने त्यांच्याकडे फिरवला. आता माणूस पायांवर उभा होता. त्या वाकल्या. कोट पाहिला. खांदा पाहिला. चेहरा वर आला, पूर्ण वर आला. नळाचं पाणी तेवढं वाहत होतं. मला वाटलं, मी फार वाईट काम केलं.

‘मेला,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘हा तर जिवंत आहे.’

मग खांदे हलायला लागले. रडताहेत म्हणून मी पाठीवर हात ठेवला, तर अर्ध्याहून जास्त हसू होतं. ‘खांदा बघ कसा पाडलाय. बापाचा एक गुण घेतला नाही आणि खांदा तेवढा घेतला.’ मग डोळे पुसून त्यांनी सासऱ्यांचं भिंग मागितलं आणि कोटाला सिगारेटने भोक पडलंय का ते बघू लागल्या. मोठ्या फिल्मचं हेच. कानाकोपऱ्यात लपलेलंही येतं. भिंग कोटावरून सरकत भिंतीवर गेलं, भिंतीवरून दोरीवर गेलं आणि फोटोच्या पार कडेला थांबलं.

दोरीवर एक झगा वाळत होता. बसायच्या जागी चौकोनी काळं ठिगळ.

ते ठिगळ सासूबाईंनीच लावलेलं होतं. महाराजांचा झगा स्टुलाच्या खिळ्याला फाटला तेव्हा, सासऱ्यांच्या जुन्या फडक्याचा तुकडा कापून. टाकेसुद्धा दिसत होते.

‘परलोकात धुणं वाळत घालतो होय,’ सासूबाई म्हणाल्या. आवाजात आता पाण्याचा थेंब नव्हता.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला तेव्हा त्या स्वतः कॅमेऱ्याशेजारी उभ्या होत्या, आणि मुलाला त्यांनी कोट घालून गल्लीत उभं केलं होतं. खोली खचाखच. महाराज हुंकार सुरू करणार, तोच सासूबाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि पडद्याच्या फटीतून ओरडल्या, ‘दोन्ही हात वर कर रे.’

काचेतल्या कोटवाल्या मृताने दोन्ही हात खाली केले.

‘आता नाक धर.’

मृताने नाक धरलं.

‘आता सगळ्यांनी पाठ फिरवा,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आणि वाका. फुगे, दाखव यांना.’

फुगीने दाखवलं. आधी मुलं वाकली, मग बाया पदर सावरत वाकल्या. हेडमास्तरांनी एका हाताने कंबर आणि दुसऱ्याने भिंत धरली. बघता बघता सारी मंडळी ओणवी, आपापल्या पायांमधून परलोक बघत होती. आणि परलोक सरळ झाला. झाड जमिनीतून वर आलं. आभाळ जागेवर गेलं. माझा नवरा नाक धरून भिंतीपाशी उभा होता, दंड झालेल्या पोरासारखा.

‘अगंबाई,’ पायांमधून शिंपीणबाईंचा आवाज आला. ‘हा तर माझाच परकर.’

‘आणि तो कलून चालणारा कुत्रा तुमचाच का?’ हेडमास्तरांनी खालूनच विचारलं. शिंपीणबाई हो म्हणाल्या. मग हेडमास्तरांनी विचारलं, त्याला संध्याकाळी फिरायला नेलं तर चालेल का. शिंपीणबाई म्हणाल्या, रोज न्या.

सगळे वाकलेले असताना महाराज दारातून सटकले होते. पण ते गेले मागच्या गल्लीत, कारण झगा तिथे होता. तेव्हा सगळ्यांनी काचेत पाहिलं. एक जांभळा गृहस्थ चवड्यांवर चालत दोरीपाशी आला, ठिगळाचा झगा ओढला, तो चिमट्याला अडकला, आणखी ओढला, चिमट्यासकट काखोटीला मारला आणि पळाला. एवढ्या लोकांदेखत परलोकात गेलेला तेवढा एकच माणूस. मंडळींनी ओणव्यानेच निरोप दिला.

नंतर मी पडदा काढला, खिडकी दाखवली आणि गल्ली दाखवली. उजेडाला वळता येत नाही, हे सासऱ्यांचं वाक्य सांगितलं. पटत नसेल तर घरी जाऊन करा, म्हटलं. खोलीत काळोख करा, खिडकीला पुठ्ठा लावा, पुठ्ठ्याला भोक पाडा, समोर पांढरा कागद धरा. तुमच्याही घरात परलोक उतरेल आणि त्यात तुमचाच शेजारी दात घासत असेल. बरेच जण करून आले. हेडमास्तर तर आता पोरांना घरी बोलावून दाखवतात, आणि मीच शोधलं असं सांगतात.

नवऱ्याची सिगारेट दोन बायका आणि एक फुगी मिळून सोडवतो आहोत. कोट सासूबाईंनी धुतला.

एवढं झालं तरी एक गोष्ट राहिली होती. फोटो हवा होता तो हवाच होता. म्हणून फुगी झोपली की मी सासऱ्यांच्या जुन्या निगेटिव्ह एकेक करून भिंगाखाली बघायला लागले. त्यांत सासूबाईंचा एक फोटो होता. तरुणपणीचा, नवा चष्मा लावून खुर्चीत ताठ बसलेल्या. मोठी फिल्म ती. चष्म्याच्या काचेत काहीतरी चमकत होतं. मी तेवढाच भाग मोठा करून कागदावर उतरवला आणि सासूबाईंना हाक मारली. त्या या वेळी पदर नाकाला न लावता आल्या.

ट्रेमध्ये आधी चष्म्याची दांडी आली. मग काचेत एक खिडकी. खिडकीच्या उजेडात तीन पायांचा कॅमेरा, आणि त्याच्या बाजूला एक बारीक तरुण माणूस, खांदा पाडून उभा, हातात भिंगाचं झाकण वर धरलेलं. तोंड उघडं. बहुतेक म्हणत होता, हलू नकोस.

‘हलले नव्हते मी,’ सासूबाई म्हणाल्या.

तो फोटो आता जिन्यात लावलाय. येणाराजाणारा विचारतो तेव्हा त्या सांगतात की हे माझ्या चष्म्यात होते, आणि कसे होते तेही समजावून सांगतात. उजेड यांच्यावर पडला, तिथून माझ्या काचेवर आला, तिथून फिल्मवर. कोणी मंत्र म्हटला नाही. म्हणून वाचणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. आपलं माणूस गेलं की ते कुठेतरी दिसावं असं वाटणं चूक नाही, ते सगळ्यांनाच वाटतं. पण तुमच्या त्या वाटण्यावर कोणी पडदा लावून बसला, तर आधी पडद्यामागे काय आहे ते विचारा. उत्तर मिळेना, तर पाठ फिरवा, पाय फाकवा आणि वाकून बघा. लाजू नका. आमच्याकडे हेडमास्तर वाकले होते.